डोअरकीपरलाच आत सोडत नाहीत

ती. ताईस,

धाकट्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (डावा दंड जरा मागे ठेवला आहे, त्याचं कारण पुढे येईल.) तुझे गुडघे कसे आहेत? नवा चष्मा लागला का डोळ्याला, की अजून जुनाच नाकावर ठेवून नवा पेटीत जपून ठेवतेस? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. 'सगळे' या शब्दात मी मोडतो की नाही याबद्दल घरात दोन मतं आहेत, आणि तेच सांगायला हे पत्र लिहितोय. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर दवाखान्याचा विषय निघाला की तुला गॅसवरचं दूध आठवतं आणि तू "बरं, ठेवते" म्हणतेस. एकट्या बाईच्या घरी इतकं दूध येतं तरी कुठून, हा प्रश्न आम्हाला बरेच दिवस पडलाय. पत्राचं तसं नाही. ते फार तर उशीखाली सारशील, पण मग तुला झोप लागणार नाही आणि उठून वाचशीलच. मी काही तुला आजच ओळखत नाही.

बाळ कुणासारखं दिसतं, असं तू मागे विचारलं होतंस. तुझी भावजय म्हणते, तिच्या वडिलांसारखं. माझ्या सासूबाई (गेल्या वर्षापासून आमच्याकडेच असतात, वय चौऱ्याऐंशी, नजर अधू, पण मत ठाम) म्हणतात, त्यांच्या भावासारखं. म्हणजे एकूण माहेर सोडून बाळाने कुठे जाऊ नये असं दोघींचं ठरलेलं दिसतं. माझं मत अजून कुणी विचारलेलं नाही आणि विचारलं तरी मी काय सांगणार? मी माझ्या नातवाला दारातून पाहिलाय. गुंडाळलेलं एक बोचकं, त्यातून बाहेर आलेली एक मूठ, आणि आवाज मात्र थेट शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. पस्तीस वर्षं नाट्यगृहाच्या दारात उभं राहून मी मोठमोठ्या नटांचे आवाज ऐकले, पण माइक नसताना असा आवाज विरळा. त्याला अजून मी एकदाही मांडीवर घेतलेलं नाही, ताई. आणि पुढच्या महिन्याच्या अखेरीस जावई बोटीवरून उतरले की लेक दोन्ही मुलं घेऊन तिच्या घरी जाणार. मग पुढची भेट होईल तेव्हा तो आपल्या पायाने चालत येईल आणि मला 'हे कोण' म्हणून विचारेल. ते मला नकोय.

झालं असं की बाळ घरी आलं त्याच आठवड्यात कोपऱ्यावरचा लॉन्ड्रीवाला आजारी पडला. चांगला बेचाळीस वर्षांचा धट्टाकट्टा माणूस. घसा दुखतो म्हणून गुळण्या करत राहिला, मग मान सुजली, आवाज बसला, आणि इस्पितळात नेऊन घशात उजेड टाकला तर आत करडा पडदा धरलेला. घटसर्प! गल्लीत कुणाचा विश्वासच बसेना. हा रोग लहान मुलांचा आणि तोही आपल्या लहानपणचा, अशी सगळ्यांची समजूत. बेचाळिसाव्या वर्षी घटसर्प होणं म्हणजे बेचाळिसाव्या वर्षी दुधाचे दात पडणं, असं जो तो म्हणत होता. (तो आता बरा आहे. वेळेवर नेला म्हणून वाचला, असं डॉक्टर म्हणाले. काल त्याच्या बायकोने सांगितलं की तो इस्पितळाच्या चादरींना नीट इस्त्री नाही म्हणून नर्सेसशी भांडतो, म्हणजे खरोखरच बरा आहे.) आता लॉन्ड्री चालवणारा तो एकटाच, तेव्हा दुकानाला कुलूप. आणि त्या कुलपाच्या आत माझे सगळे शर्ट. बाळ येणार म्हणून हिने घरातलं एकूण एक कापड धुवायला काढलं होतं, त्यात माझ्या अंगावरचा बनियन तेवढा वाचला. शर्टांची ही हकीकत तुला फालतू वाटेल, पण पुढचं सगळं रामायण या शर्टांमुळेच घडलं.

रोग गल्लीत निघाला म्हटल्यावर दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई घरी आल्या. बाळाला तपासलं, मग आम्हा सगळ्यांना बाहेरच्या खोलीत ओळीने बसवून प्रत्येकाला शेवटची लस कधी घेतली ते विचारत गेल्या. आमची थोरली नात सात वर्षांची (घरात तिला लवंगी म्हणतात, आकाराने तेवढीच आणि तेवढीच झोंबते). तिचे लहानपणचे सगळे डोस झालेले, वर पाचव्या वर्षीचाही झालेला. पास. लेकीला पोटुशी असताना इंजेक्शन दिलेलं, तीही पास, आणि आईने घेतलं की थोडंसं बाळापर्यंतही पोचतं म्हणे, म्हणजे ते जन्माला यायच्या आधीच अर्ध्या तिकिटावर पास. तुझी भावजय म्हणाली, मला काही आठवत नाही बाई. मग आठवलं की चार वर्षांपूर्वी गच्चीवर गंजका खिळा पायात घुसला तेव्हा सुई टोचली होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पिशवीतला दवाखान्याचा जुना कागद बघितला आणि म्हणाल्या, हे धनुर्वाताबरोबर घटसर्पाचंही होतं, तुम्ही पास. बघ म्हणजे! तो खिळा गच्चीवर मी टाकला होता. त्यावरून चार वर्षं मी बोलणी खातोय, आणि आता त्याच खिळ्याच्या जोरावर ती आत आणि मी बाहेर.

राहिलो सासूबाई आणि मी. सासूबाईंना लहानपणी कसला तरी घसा आला होता, काय ते त्यांना नीट सांगता येईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, तुमच्या वयाच्या लोकांच्या अंगात कधी कधी जुन्या काळची थोडी शिल्लक असते, पण तिच्यावर विसंबून राहू नये. त्यावर सासूबाईंनी बाही वर केली आणि म्हणाल्या, "असू दे शिल्लक, वर थोडं घाला." दुसऱ्या दिवशी हिचा हात धरून दवाखान्यात गेल्या, टोचून घेतलं आणि येताना वाटेत बाळाला टोपी घेऊन आल्या. मी तेवढ्या वेळात पायात चप्पल घालावी की बूट, याचा विचार करत होतो. लस अंगात भिनायला दोनेक आठवडे लागतात. ते केव्हाच होऊन गेले आणि आता सासूबाई नातीच्या पोराला मांडीवर घेऊन तासन्‌तास बसतात. मी दारातून बघतो. एवढी म्हातारी बाई, पण मला वाकुल्या दाखवायचं सोडत नाही.

डॉक्टरीणबाईंचा हुकूम असा की गल्लीत रोग आहे, बाळाची स्वतःची लस सुरू व्हायला अजून वेळ आहे, तेव्हा लस न घेतलेल्या मोठ्या माणसाने खोलीच्या आत पाऊल टाकायचं नाही. हुकूम सौम्य शब्दांत होता. पण त्याची अंमलबजावणी लवंगीकडे गेली, आणि चहापेक्षा किटली गरम म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. तिने माझ्या कपाटातून माझी नाट्यगृहातली बॅटरी काढली (उशिरा येणाऱ्यांना खुर्ची दाखवायची ती), दाराशी स्टूल टाकलं आणि मी चार पावलं पुढे आलो की माझ्या तोंडावर उजेड मारून म्हणते, "लस?" मी म्हणतो, अगं, मी तुझा आजोबा. ती म्हणते, "ते माहीत आहे. लस?" ताई, मुख्य नटाच्या सासऱ्यांना मी एकदा बिनतिकिटाचे म्हणून पायऱ्यांवर बसवलं होतं. मालकांच्या मेहुण्याला तिसरी घंटा झाल्यावर आत सोडलं नव्हतं. या गोष्टी मीच मोठ्या फुशारकीने त्या पोरीला जेवताना सांगितल्या आहेत. आता बोलायची सोय राहिली नाही. एकदा मी लाडीगोडी लावून बघितली, बिस्कीट पुढे केलं. तिने बिस्कीट घेतलं, खाल्लं, आणि स्टूल दाराच्या आणखी मधोमध सरकवलं. मला राग आला आणि अभिमानही वाटला. एवढा कडक डोअरकीपर आमच्या नाट्यगृहालाही मिळाला नसता.

तू म्हणशील, एवढं रामायण कशाला, टोचून घे आणि मोकळा हो. मीही तेच म्हणालो आणि गेलो की दवाखान्यात! खोटं वाटत असेल तर नर्सबाईंना विचार. दवाखान्यात मोठ्या माणसांसाठी लसीचा खास दिवस ठेवला होता. अंगावर घालायला शर्ट नाही, तेव्हा मी माझा डोअरकीपरचा कोट चढवला, तोच, पितळी बटणांचा. गेलो तर दवाखान्याच्या दारात ही झुंबड. कुणी मधेच घुसतंय, कुणी टोकन न घेता आत डोकावतंय, एक जाड्या गृहस्थ तर 'मला फक्त विचारायचंय' म्हणून सरळ आत निघालेले. 'फक्त विचारायचंय' म्हणणाऱ्यांना मी चांगला ओळखतो, ताई. ते आत जातात आणि पहिल्या रांगेत बसतात. माझा हात आपोआप आडवा झाला. मग काय, एका मिनिटात रांग सरळ. टोकन दाखवा, म्हाताऱ्यांना आधी सोडा, छत्र्या बाहेर ठेवा, एका वेळी तीनच माणसं. नर्सबाई बाहेर डोकावल्या, कोट बघितला आणि वरून कुणीतरी माणूस पाठवलाय असं समजून त्यांनी मला चहा पाठवला. मी तो उभ्याउभ्या प्यायलो. कामावर असताना मी बसून चहा घेत नाही. शेवटचा माणूस आत गेला, मी शिस्तीत दार ओढून घेतलं आणि त्या समाधानात उभा असतानाच नर्सबाई लसीचा रिकामा डबा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आज सगळं संपलं, तुम्ही होतात म्हणून वेळेत झालं. मी म्हणालो, त्यात काय एवढं. घरी आलो. हिने विचारलं, दुखतंय का? तेव्हा मला आठवलं की मी टोचून घ्यायला गेलो होतो.

(आमच्या घरात या प्रसंगाचा अर्थ वेगळा लावला गेला. मी जाणूनबुजून दार धरून उभा राहिलो, असं हिचं म्हणणं. सासूबाई नुसत्या बाळाकडे बघून हसल्या, म्हणजे बोलल्यासारखंच. माणसाचं कर्तव्य म्हणून काही असतं की नाही?)

दुसऱ्या खेपेला हीच मला घेऊन गेली, आणि बनियनवर तिची शाल पांघरायला लावली, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. या खेपेला मी वेगळा मुद्दा मांडायचं ठरवलं होतं. मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, माझी लस लहानपणीच झालेली आहे, हा बघा पुरावा. आणि शाल बाजूला करून दंडावरचा तो गोल व्रण दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि म्हणाल्या, "काका, हा देवीच्या लसीचा." म्हणजे साठ वर्षं मी दुसऱ्याच नाटकाचं तिकीट दंडावर मिरवत हिंडत होतो! पण मी हार मानणाऱ्यांतला नाही. मी म्हणालो, ठीक आहे, हा नसेल, पण शाळेत आम्हाला रांगेत उभं करून काहीतरी टोचलं होतं, ते कुठे गेलं? अंगात असेलच की. तपासल्याशिवाय माणसाला बिनतिकिटाचा ठरवणं मला पटत नाही. आम्हीसुद्धा आधी खिसे बघायला सांगायचो.

इथे माझं चुकलं. डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत एकदम चमक आली. कुठल्या वयाच्या लोकांच्या अंगात घटसर्पाविरुद्ध किती बळ उरलंय ते बघायला त्यांच्याकडे एक पथक आलं होतं. पोरं मिळाली होती, बायका मिळाल्या होत्या, पण साठीच्या वरचे पुरुष कुणी मिळेनात. (घोळक्याने बाकावर बसून पेपर वाचणारे दवाखान्याबाहेर खूप होते, पण पथकाची बाई बाहेर आली की बाक रिकामं.) काका, तुम्ही तयार असाल तर तपासूनच बघू, असं त्या म्हणाल्या. मी छाती काढून म्हणालो, तयार. अंगात जुनी लस सापडेल, पथकाचं काम होईल आणि सुंठीवाचून खोकला जाईल असा माझा हिशोब. अंगातलं बळ तपासायचं म्हणजे रक्त काढावं लागतं, ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. आणि रक्त काढायची सुई लसीच्या सुईपेक्षा मोठी असते, हे तर मी स्टुलावर बसल्यावर बघितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. उठून जावं तर हिने शालीचं टोक धरून ठेवलेलं. पुढचं मला विशेष आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा मी पोरांच्या वजनकाट्यावर आडवा होतो, पाय बाहेर, आणि पथकाची बाई काट्याकडे बघून म्हणत होती की यांचं वजन यात मावत नाही. तिने रक्त मात्र काढून घेतलं होतं. म्हणजे छोटी सुई चुकवायला गेलो आणि मोठी टोचून घरी आलो, आणि लस ती नाहीच!

निकाल परवा आला. डॉक्टरीणबाईंनी बोलावून समोर बसवलं आणि कागद दाखवला. माझ्या आकड्यात आधी शून्य, मग टिंब, मग पुन्हा शून्यं, आणि त्यांच्यामागे कोपऱ्यात अंग चोरून उभा असलेला एक आकडा. मी विचारलं, हा शेवटचा पुरेसा नाही का? त्या नाही म्हणाल्या. मग त्यांनी मला भिंतीवर लावलेल्या आलेखातली एक रेघ दाखवली आणि फार छान समजावून सांगितलं, ते तुलाही सांगतो. लहान मुलांपाशी ती रेघ उंच असते, कारण त्यांना पाठोपाठ डोस मिळतात. शाळा संपेपर्यंत बरी असते. मग माणूस मोठा होतो, नोकरी करतो, पोरांना टोचून आणतो, आणि स्वतःचं विसरतो. रेघ उतरत जाते, उतरत जाते, आणि तुझ्यामाझ्या वयापाशी जवळजवळ जमिनीला टेकते. पूर्वी हा रोग अधूनमधून गल्लीत यायचा म्हणून अंगाला त्याची ओळख राहायची. आता कधी दिसतच नाही, त्यामुळे अंग त्याला विसरून जातं आणि एखाद्या दिवशी तो दारात आला तर 'या, बसा' म्हणतं. म्हणून दर दहा वर्षांनी आठवण करून द्यायची. मी म्हणालो, म्हणजे सगळ्यात दणकट दिसणारे आम्हीच उघडे? त्या म्हणाल्या, हो, काका. लॉन्ड्रीवाला आठवा. आणि ताई, ज्या माणसाने उभ्या आयुष्यात लोकांना बजावलं की कालचं तिकीट आज चालत नाही, त्यानेच पन्नास वर्षांपूर्वीचं तिकीट धरून बसावं, याची मला खरोखर लाज वाटली. बाहेर येऊन मी हे सगळं बाकावरच्या मंडळींना रंगवून सांगितलं. रेघ हवेत काढून दाखवली. त्यातले दोघं लगेच उठून टोचून आले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

तर आता माझा निश्चय पक्का झालेला आहे. सोमवारी लस. सुई ती काय, मुंगी चावते तेवढंच, असं लवंगीने सांगितलं आहे आणि तिला पुष्कळ अनुभव आहे. तू पुढच्या आठवड्यात बाळाला बघायला येते आहेस तेव्हा सगळं सांगेनच. येताना फार सामान आणू नकोस, गुडघ्यांना सांभाळ, आणि शेजारणीला किल्ली देऊन ये. बाकी सगळं क्षेम. थोरल्यांचा आशीर्वाद पाठीशी असला म्हणजे धाकट्याचं बरं चालतं, तेवढा असू दे.

तुझा,
धाकटा

ता. क. एक महत्त्वाचं राहिलं. गेल्या वेळी फोनवर तू म्हणालीस की मला कसली लस, मला तर घटसर्प होऊनच गेलाय. मी डॉक्टरीणबाईंना मुद्दाम विचारलं. त्या म्हणतात, होऊन गेला म्हणून जन्मभराची खात्री नाही, त्यांनासुद्धा घ्यावी लागते. तेव्हा दूध उतू गेलं तर जाऊ दे, पण हे वाच. तू अकरा वर्षांची होतीस, मी पाच. मला मागच्या दाराशी बसवून ठेवलं होतं आणि कुणी आत जाऊ देत नव्हतं. तू आतून मला हाक मारायचीस, आणि आवाज असा बसलेला की ती तूच आहेस हे मला पटत नसे. मला फार भीती वाटली होती, ताई. कधी बोललो नाही, आज लिहितो. तुला पुन्हा असं काही व्हायला नको आणि तुझ्यामुळे बाळालाही नको. लस घे. त्याशिवाय दारातली बया तुला आत सोडायची नाही, आणि तिच्याकडे माझा वशिला चालत नाही.

ता. क. पुन्हा वाचून बघितलं. वर 'लस घे' असं लिहिलंय, पण तिकडे घेऊ नकोस. दंड कोरा ठेवून ये आणि इकडे माझ्याबरोबर घे. वर सोमवार म्हटलंय तोही तसा नक्की नाही. गेला सोमवारही तसाच नक्की होता. तुला आठवतं ना, आपल्याकडे कडू औषधाचा चमचा कायम मोठ्यापासून सुरू व्हायचा? आधी तू प्यायचीस, तोंड वाकडं न करता, आणि मग मी. तुझ्याआधी मी आजवर काहीही गिळलेलं नाही. हे इतक्या वर्षांचं वळण आता मोडणं बरं दिसत नाही. तेव्हा आधी तू बस, मी मागे उभा राहीन. मी डॉक्टरीणबाईंना तसं बोलून ठेवलंय. लवकर ये. पत्राचं खरं काम एवढंच होतं, बाकी सगळं हवापाणी.

ता. क. वन्सं, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्या हातात दिलं म्हणून वाचलं, राग मानू नका. आज सकाळी बाळ फार रडलं आणि रडून रडून त्याचा आवाज बसला. हे दारातून ऐकत उभे होते. बनियनवर कोट चढवला आणि चहा न घेताच बाहेर पडले. दवाखाना उघडला नव्हता, पायरीवर बसून राहिले. नर्सबाई सांगत होत्या की दार उघडल्याबरोबर आत आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, आधी मला. टोचताना डोळे मिटले होते, पण पडले नाहीत. बाळाला तोवर डॉक्टरीणबाईंनी घरी येऊन बघितलं, घसा स्वच्छ आहे, नुसतं रडणं होतं. घरी येऊन यांनी दंडावरचा कापूस लवंगीला दाखवला. तिने बॅटरीने नीट तपासला आणि म्हणाली, अजून दोन आठवडे. हे म्हणाले, बरोबर आहे, आणि बाहेर जाऊन बसले. लेकीला निघायला अजून बराच अवकाश आहे, त्याआधी घेतील मांडीवर पोटभर. पत्र दुरुस्त करायचंय म्हणून परत मागतायत, मी दिलेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या आधी पुढे झाले आहेत हो. तेव्हा तुम्ही इकडे आलात आणि टोचून घ्यायची वेळ आली, की जरा घाबरल्यासारखं करा आणि यांना हात धरायला सांगा. तेवढं माझ्यासाठी करा.